दुहेरी डॉक्टरकी : लायकी मोजावी कशाने?

वागळे इस्टेटच्या आसपासच्या वस्तीत अलीकडे एक नवा प्रश्न कानी पडू लागला आहे. किसननगर, पडवळनगर, इंदिरानगर, सावरकरनगर या भागांत पूर्वी मुलगा आय.टी.आय. होऊन कारखान्यात चिकटला म्हणजे बापाला धन्य वाटे. त्याच घरांतल्या मुली आज वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसतात. त्यांतल्या एखादीला नुसते डॉक्टर होऊन भागत नाही. रोग का होतो हे शोधून काढण्याची तिला ओढ असते. वैद्यकाची पदवी आणि संशोधनाची डॉक्टरेट या दोन्ही एका दमात देणारे अभ्यासक्रम जगात आहेत, हे तिने कुठेतरी वाचलेले असते. मग ती विचारते, या चढाओढीत माझा टिकाव लागेल का?

हा प्रश्न कामगार संघटनेच्या माणसाकडे यावा, याचे काहींना नवल वाटेल. आम्हांला वाटत नाही. माणसाची लायकी कशाने मोजावयाची, हाच तर आमच्या धंद्यातला रोजचा तंटा आहे. अकुशल, अर्धकुशल, कुशल असे शिक्के कारखान्यात माणसांवर मारलेले असतात. आणि वीस वर्षे एकच प्रेस चालवून तिचा आवाज ओळखणारा माणूस कागदोपत्री अर्धकुशलच राहतो, हे आम्ही पाहिले आहे. माप करणारा कोण आणि मापात काय धरले आहे, हे आधी विचारावे, ही सवय आम्हांला तेथेच लागली. तीच सवय घेऊन आम्ही या विषयाच्या इतिहासात शिरलो, आणि पहिलीच भेट झाली ती आमच्या शेजारच्या कल्याणची.

कल्याणच्या गणपतराव जोशी यांची कन्या यमुना ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे, नाटकांतून आणि चित्रपटांतून ती वारंवार सांगितली गेली आहे. आम्हांला येथे त्या कथेतला एकच कागद हवा आहे. २८ जून १८८३ रोजी, अमेरिकेत पाऊल ठेवून महिनाही झाला नसेल तेव्हा, आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते आजही तेथे जपून ठेवलेले आहे.

हे पत्र म्हणजे एका अठरा वर्षांच्या मुलीने स्वतःचे केलेले मूल्यमापन आहे. आपण काय शिकलो ते ती सांगते. प्रवेशाच्या अटी आपण सर्व बाबतींत पुऱ्या करीत नसू, हे ती लपवीत नाही. आपली गोष्ट जगावेगळी आहे, तेव्हा थोडी सवलत मिळावी, एवढेच म्हणते. नंतर ती आपल्या जमेच्या बाजू मांडते. प्रकृती चांगली आहे. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून येथवर येण्याइतका निश्चय आहे. आणि हेतू नेमका आहे : ज्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी डॉक्टर व्हावयाचे आहे. गुणपत्रिका नाही, शिफारस फारशी नाही; आहे तो एक प्रश्न, आणि तो सोडविण्यासाठी आजवर काय सोसले याचा पुरावा.

महाविद्यालयाने तिला घेतले. ११ मार्च १८८६ रोजी ती एम.डी. झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळी तेथे या पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंचा प्रबंध प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. म्हणजे रोग्याला बरे करणे आणि प्रश्नाचा लेखी शोध घेणे ही दोन कामे तेव्हा एकाच पदवीच्या पोटात होती. आज ज्यांना आपण दोन डॉक्टरक्या म्हणतो, त्यांचे बी कल्याणच्या या मुलीच्या वहीतही सापडते.

पत्रातली एक जमेची बाजू मात्र खोटी ठरली, आणि ती म्हणजे प्रकृती. फिलाडेल्फियाची थंडी, परक्या देशातील आहाराची ओढाताण आणि अभ्यासाचा ताण यांनी तिचे शरीर पोखरले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा तिची वाट पाहत होती. त्या खुर्चीत ती बसू शकली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने तिचे निधन झाले. वय बावीसही पुरे नव्हते. आमच्याकडील थोर मंडळी या मृत्यूला त्याग म्हणून वंदन करतात. आम्ही वेगळे म्हणतो. विद्यार्थिनीने कशात राहावे, काय खावे, आजारी पडली तर कोणी पाहावे, ही व्यवस्था मापात धरलीच गेली नव्हती. ही चूक आनंदीबाईंची नव्हे.

दुसरा माणूस पाहू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग फुटला. ऑक्टोबरात कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन आले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तेवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात ती देण्यात आली. (कैद्यांवर प्रयोग, ही गोष्ट आज कोणी चालवून घेणार नाही, आणि घेऊही नये.) आता हाफकिन कोण? ओडेसाचे प्राणिशास्त्रज्ञ, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. सरकारी वैद्यक खात्याच्या डोळ्यांत हे सलत असे. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा सारा दोष हाफकिन यांच्यावर ढकलण्यात आला. ते निर्दोष ठरावयाला १९०७ साल उजाडले. परळच्या ज्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते तिला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले. उपरती सरकारलाही होते, पण तिला वेळ फार लागतो.

संशोधक डॉक्टर नसला तर काय होते, ते येथे दिसले. डॉक्टर संशोधक असला तर काय होते, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यात दिसते. जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. घेऊन ते मुंबईत परतले, ग्रँट आणि सेठ जी. एस. या दोन्ही महाविद्यालयांत त्यांनी शिकविले, आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय निघाले तेव्हा तेथील प्रयोगशाळा हाती घेतली. त्यांचे एक काम आम्हांला फार मोलाचे वाटते. १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी लोकांच्या रोजच्या सवयींतून होणाऱ्या कर्करोगांचे वर्णन केले. त्यांत एक होता कमरेचा : धोतर जेथे वर्षानुवर्षे घट्ट आवळले जाते, तेथील कातडीचा. दुसरा ओठाचा, तंबाखू-चुन्याची गोळी तेथे धरून ठेवणाऱ्यांचा. हे रोगी कोण होते ते सांगावयास नको. सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचा तुकडा पाहणारे पुष्कळ असतात. त्या कातडीवर कोणते वस्त्र होते, हे विचारणारा विरळा.

याच खानोलकरांच्या हाताखाली एक मुलगी आली. कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा. मुलीने जीवशास्त्र धरले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे, शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढविण्याचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्या तंत्राची आपल्या देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभारली. स्तनाच्या कर्करोगावर आणि कुष्ठरोगाच्या जंतूंवर त्यांनी काम केले. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. रोगी तपासण्याचा परवाना नसताना रोग्याच्या उपयोगाचे काम झाले, कारण शेजारीच रुग्णालय होते आणि डोक्यावर डॉक्टर असलेला गुरू होता. दोन पदव्या एका माणसात नव्हत्या, एका इमारतीत होत्या. परळमध्येच, सेठ जी. एस. महाविद्यालयात, डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली जगाला माहीत नसलेला रक्तगट दाखविला, त्याचेही कारण हेच. वरवर ओ गटासारखे दिसणारे पण ओ गटाचेही रक्त न चालणारे रक्त रुग्णालयात समोर आले, आणि प्रयोगशाळा हाताशी होती. त्या गटाला मुंबईचेच नाव पडले.

या दोन्ही गोष्टी एकाच माणसात मुद्दाम घडवाव्यात, ही कल्पना अमेरिकेत १९५६ साली क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात रुजली आणि १९६४ साली तेथील सरकारी आरोग्य संस्थांनी तीन महाविद्यालयांना त्यासाठी पैसा दिला. योजनेचा गाभा असा : सात-आठ वर्षे लागतात, तेवढा काळ विद्यार्थ्याची फी सरकार भरते आणि वर निर्वाहवेतन देते. येथे एक घोटाळा टाळावा. अमेरिकेतील एम.डी. ही आपल्या एम.बी.बी.एस.च्या जागी असलेली पहिली पदवी आहे, आणि तीही चार वर्षांच्या दुसऱ्या पदवीनंतर मिळते. शिवाय तो सरकारी पैसा परदेशी विद्यार्थ्यांसाठी नाही. त्यांना घेणारी महाविद्यालये थोडी, आणि ती आपल्या पदरचा पैसा घालतात म्हणून जागा त्याहून थोड्या. वागळे इस्टेटमधून थेट तिकडे उडी मारण्याची स्वप्ने विकणारे दुकानदार पुष्कळ निघाले आहेत, म्हणून हे स्पष्ट सांगितले.

तेथील निवड कशी होते, ते मात्र समजून घेण्यासारखे आहे. अर्ज करणाऱ्या तिघांतील साधारण एकाला जागा मिळते. प्रवेशपरीक्षेत ५२८ पैकी ५१६ च्या आसपास गुण असणारे निवडले जातात. हे गुण उंबरठा ओलांडून देतात, आत बसवीत नाहीत. त्यानंतर दोन निबंध वाचले जातात. एकात, दोन्ही पदव्या का हव्यात, एकीवर का भागत नाही, हे लिहावयाचे. दुसरा त्याच्या तिप्पट लांब. त्यात आजवर कोणते संशोधन केले, किती काळ, कोणाच्या हाताखाली, प्रश्न काय होता आणि आपला स्वतःचा वाटा किती, हे मांडावयाचे. ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांची पत्रे याला जोडतात. चार ठिकाणी दोन-दोन महिने चक्कर मारून आलेल्यापेक्षा एका प्रयोगशाळेत दोन वर्षे टिकलेला तेथे वरचढ ठरतो; त्याचा प्रयोग फसला असला तरी. का फसला हे त्याला सांगता आले पाहिजे.

आमच्याकडे माप उलटे आहे. २०२४ साली नीटसाठी २४ लाखांच्या आसपास मुलांनी नावे नोंदविली. ७२० गुणांची एक परीक्षा, आणि तीत प्रश्न विचारण्याची पाळी मुलावर एकदाही येत नाही; उत्तर चारांपैकी एक असते आणि ते आधीच छापलेले असते. ज्याला आयुष्यभर न छापलेली उत्तरे शोधावयाची आहेत, त्याची पारख याने कशी व्हावी? परीक्षा नको असे आम्ही म्हणत नाही. परीक्षा नव्हती तेव्हा वशिला होता, आणि त्या वशिल्यात आमची मुले कुठेच नव्हती. परंतु परीक्षेने जे मोजले जात नाही ते नाहीच, असे मानून मुलगी खचते, हे आम्हांला मान्य नाही.

खचणाऱ्यांनी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे चरित्र वाचावे. जालना जिल्ह्यातील देहेड गावी १९५१ साली जन्म, पडेल ते काम करीत शिक्षण, नागपूरला एम.बी.बी.एस.; १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः लहान मुले, मरत. हे मरण गावाने नशिबात आणि डॉक्टरांनी पाठ्यपुस्तकात घालून टाकले होते. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून नोंदी ठेवावयास सुरुवात केली : नाडी, रक्तदाब, घाम, हातपाय गार पडणे, कोणत्या तासाला काय झाले. त्यातून दिसले की विंचवाच्या विषाने शरीरातीलच उत्तेजक रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी भरून माणूस जातो. १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात या लक्षणांवरील त्यांचा लेख आला. दरम्यान पुण्याच्या बी. जे. महाविद्यालयातून ते एम.डी. झाले आणि पुन्हा महाडलाच परतले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्रॅझोसिन हे साधे, स्वस्त औषध नेमके ही आवळ सोडविते, हे ओळखून त्यांनी ते विंचूदंशावर वापरले. १९८६ साली डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्याचा लेख त्याच नियतकालिकात आला. पूर्वी फुफ्फुसात पाणी भरून शंभरातले पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण एकाच्या खाली आले, असे त्यांनीच पुढे नोंदविले आहे. २०११ साली विंचवावरील प्रतिविष आणि प्रॅझोसिन एकत्र दिल्यास रोगी अधिक लवकर सावरतो, हेही त्यांनी रीतसर चाचणी करून दाखविले. २०२२ साली पद्मश्री मिळाली.

हे सारे उभे राहिले तेव्हा संशोधनाची डॉक्टरेट त्यांच्यापाशी नव्हती, प्रयोगशाळाही नव्हती. होती ती वही. पण एवढ्यावर कोणी म्हणेल, मग दुहेरी पदवीची गरजच काय? असे म्हणणे सोयीचे आहे आणि अन्यायाचेही आहे. एका माणसाने डोंगर फोडून वाट काढली म्हणून सरकारने रस्ता बांधू नये, हा युक्तिवाद आम्ही मालकांच्या तोंडून पुष्कळदा ऐकला आहे. बावस्करांना जे एकट्याने आणि रात्री जागून करावे लागले, ते शिकविणारी आणि त्या काळात पोटाला देणारी वाट असती, तर महाडसारखी आणखी दहा गावे सापडली असती.

तशी वाट आमच्या कामगारांना का हवी, ते सांगतो. १७०० साली इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने लिहून ठेवले की डॉक्टरने गरीब रोग्याला आणखी एक प्रश्न विचारावा : तू धंदा काय करतोस? कापूसधुळीने फुफ्फुस निकामी होण्याचा रोग गिरणगावात कामगारांना ठाऊक होता. सुटी संपवून सोमवारी खात्यात शिरले की छाती आवळते, हे ते स्वतःच सांगत. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांच्यासारख्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची फुफ्फुसे तपासून त्याचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा त्या सांगण्याला वजन आले. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, रोगी मात्र छातीत धूळ घेऊन घरोघर पांगले.

वागळे इस्टेटमध्ये १९६० नंतरच्या दशकात कारखाने उभे राहिले. लेथ, प्रेस, विद्युत्विलेपन, रंग, रसायने. त्यांतले पुष्कळ आज बंद पडले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. त्या प्रेसखात्यांतून निवृत्त झालेला माणूस बोलताना हात कानामागे धरतो. घरातले म्हणतात, वय झाले. वय किती आणि प्रेस किती, हे वेगळे काढून दाखवावयाला डॉक्टर हवा आणि संशोधकही हवा. नुसता डॉक्टर यंत्र लावून देईल. नुसता संशोधक त्या माणसापर्यंत पोहोचणारच नाही. ज्या मुलीचा बाप असा कानामागे हात धरतो, तिच्यापाशी एक प्रश्न जन्मतःच आहे. निवड समित्या जो दुसरा, लांब निबंध मागतात, त्याचे पहिले पान तिच्या घरात लिहून ठेवलेले आहे.

आता हिशेबाचे बोलू, कारण खरी गाळणी तेथेच आहे. आपल्याकडे एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि एक वर्ष उमेदवारी. एम.डी.ची तीन. पीएच.डी.ला किमान तीन, बहुधा अधिक. अठराव्या वर्षी निघालेली मुलगी तिशीला पोहोचते. या काळात काही विद्यावेतन मिळते हे खरे. पण तिची मैत्रीण दवाखाना थाटून घर चालवू लागते आणि हिच्या घरात धाकट्या भावाची फी थकते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ साली, ४२५ कोटी रुपयांच्या देणगीच्या बळावर, डॉक्टर-संशोधक घडविणारे वैद्यकीय महाविद्यालय उभारण्याचे जाहीर केले. चांगली गोष्ट आहे. पण अशा ठिकाणी पोहोचणारी मुलगी ती दहा-बारा वर्षे घराला कशी परवडावयाची, हा प्रश्न देणगीने सुटत नाही. म्हणून जेव्हा एखादी विचारते, माझा टिकाव लागेल का, तेव्हा आम्ही तिच्या बापाला शेजारी बसवितो आणि वर्षे मोजावयास लावतो. घाबरविण्यासाठी नव्हे. आनंदीबाईंच्या वेळी जे मोजले गेले नाही ते मोजावे म्हणून.

काही गोष्टी मात्र आजच हाताशी आहेत, आणि त्या आमच्या लोकांना ठाऊक नसतात. कामगार राज्य विम्यासाठी ज्याच्या पगारातून दरमहा पाऊण टक्का कापला जातो, त्याच्या मुलांसाठी त्या महामंडळाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत काही जागा राखून ठेवलेल्या असतात. त्यासाठी बापाचा विमा चालू असल्याचा दाखला लागतो; कंत्राटदाराने हप्ता भरलाच नसेल तर तो दाखला मिळत नाही. तेव्हा पगाराची चिठ्ठी जपून ठेवा आणि हप्ता जमा होतो की नाही ते दर सहा महिन्यांनी तपासा, हे आम्ही गेटसभेत सांगतो ते केवळ औषधपाण्यासाठी नाही. दुसरे, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९७९ पासून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची योजना चालविली आहे. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील मार्गदर्शक धरावयाचा, प्रश्न लिहून पाठवावयाचा, मंजूर झाला तर काम करून अहवाल द्यावयाचा. कळव्याला महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या मुलीला वागळे इस्टेटमधील निवृत्त प्रेसकामगारांची श्रवणशक्ती तपासावयाची असेल, तर तिला माणसे गोळा करून देण्याचे काम आमचे. खातेनिहाय याद्या, कोण कोणत्या यंत्रावर किती वर्षे होता, हे सारे संघटनेच्या जुन्या वह्यांत लिहिलेले आहे. त्या वह्या आम्ही अजून रद्दीत घातलेल्या नाहीत.